डावीकडची चटणी आणि आभासी बाजार

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. वय ६४. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. आता ते काठी घेऊन चालतात, डाव्या हाताने दार लोटतात आणि बोलणे तर पहिल्यासारखे स्वच्छ आहे, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण 'अण्णा बरे झाले' असे म्हणून जातो. घरात मात्र वेगळेच चालले आहे. जेवताना ते चटणी-कोशिंबिरीला हातही लावत नाहीत. आई म्हणते, तोंडाची चव गेली. ४० वर्षे किराणा दुकान चालवलेला माणूस साध्या हिशेबात अडखळतो, औषध घेतले की नाही हे विसरतो आणि दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटून घेतो. विचारले तर 'मला काही झालेलं नाही' म्हणतात आणि दुकानावर बसायचा हट्ट धरतात. पुण्यातील एका केंद्राने व्हर्च्युअल रिॲलिटीच्या, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगात सराव करण्याच्या, २० सत्रांचे ३०,००० रुपये सांगितले आहेत. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, त्यापेक्षा दिवाळीला येताना मी त्यासाठी डोळ्यांवर चढवायचा हेडसेटच आणतो, घरीच रोज करू. आम्ही काय करावे? रुग्णालयात असताना त्यांना एकदा आकडी आली होती, नंतर आलेली नाही.
– एक वाचक, सांगली जिल्हा"

ताई,

आपल्याकडे ताटाची डावी आणि उजवी बाजू ठरलेली असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे, हे तुमच्या आईंना कोणी सांगावे लागत नाही. तेव्हा उद्या दुपारी अण्णांचे ताट नेहमीसारखेच वाढा, ते 'झाले' म्हणून थांबले की काही न बोलता ताट अर्धे फिरवा, म्हणजे उरलेली चटणी त्यांच्या उजव्या हाताशी येईल, आणि मग काय होते ते पाहा. ती त्यांनी आवडीने खाल्ली, तर तोंडाची चव शाबूत आहे आणि अडचण बाजूची आहे, एवढे तुम्हाला घरबसल्या कळेल. निदान तज्ज्ञानेच करायचे आहे; परंतु न खाल्लेली चटणी, दाराची डावी चौकट आणि 'मला काही झालेलं नाही' हे तिन्ही तपशील एकत्र वाचले, की मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या माणसांत वारंवार दिसणारी एक अवस्था माझ्या डोळ्यांसमोर येते. आम्ही व्यवसायोपचार करणारे, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारे लोक तिला 'निग्लेक्ट' म्हणतो. मराठीत तिला एका बाजूचे दुर्लक्ष म्हणतात, पण हा शब्द मला फारसा पटत नाही, कारण दुर्लक्ष म्हटले की त्यात हेतू आला, हट्ट आला, आणि मग घरातले सगळे रुग्णावर चिडू लागतात. अण्णा चटणी टाळत नाहीत. त्यांच्या लेखी ताट तिथेच संपते.

यात डोळ्यांचा दोष असेलच असे नाही. पक्षाघाताने काहींच्या नजरेचा अर्धा भाग खरोखरच जातो, आणि तो गेला आहे का हे नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून पाहायलाच हवे. पण ज्याची नजर गेली आहे त्याला ते सहसा उमगते आणि तो मान वळवून भरपाई करायला शिकतो, तर निग्लेक्ट असलेल्या माणसाला मान वळवण्याची गरजच भासत नाही. १९७८ मध्ये इटलीतील मिलान शहरात बिसियाक आणि लुझ्झात्ती या संशोधकांनी अशा दोन रुग्णांना एक साधे काम दिले होते. शहरातील कॅथेड्रलसमोरचा चौक या रुग्णांच्या चांगल्या परिचयाचा होता. चौकाच्या एका टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून आपण उभे आहोत, असे समजून आजूबाजूला काय काय आहे ते सांगायचे होते. त्यांनी प्रामुख्याने उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग त्यांना सांगितले, की आता कॅथेड्रलच्या पायरीवर उभे राहून उलट दिशेला पाहत आहोत अशी कल्पना करा. तेव्हा मघाशी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. चौक समोर नव्हता आणि डोळ्यांचे काम नव्हते, तरी मनातल्या नकाशाची डावी बाजू निसटत होती. तुमच्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. केवळ रंगीबेरंगी, हलती दृश्ये डोळ्यांसमोर आणल्याने ही बाजू परत येत नाही. ती शोधण्याची सवय मेंदूला नव्याने लावावी लागते.

हिशेब चुकणे आणि औषध विसरणे यांत लक्ष टिकवणे, माहिती थोडा वेळ मनात धरणे आणि एकापाठोपाठ एक कृती ठरवणे या क्षमतांचा संबंध येतो. पाहुण्यांना त्या दिसत नाहीत, कारण गप्पा मारायला त्या फारशा लागत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी ६० टक्क्यांपर्यंत लोकांना पहिल्या वर्षात अशा स्वरूपाच्या बौद्धिक अडचणी येतात. म्हणजे अण्णांच्या बाबतीत काही जगावेगळे घडलेले नाही. मात्र या अडचणींना हातभार लावणारी आणि औषधाने किंवा साध्या उपायाने दूर होणारी कारणेही असतात. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि ते विसरभोळेपणाचे सोंग घेऊन वावरते. रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर दिवसा लक्ष लागत नाही. आकडीवरची काही औषधे गुंगी आणतात. साखर कमी-जास्त होणे, ऐकू कमी येणे, जुना झालेला चष्मा, हे सगळे आधी तपासून घ्या. हे न पाहता हेडसेटवर खर्च करणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरत राहण्यासारखे होईल.

आता व्हर्च्युअल रिॲलिटीकडे येते. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे आधी लक्षात घ्या. एका प्रकारात रुग्ण टीव्हीसारख्या पडद्यासमोर बसतो आणि हातातल्या दांड्याने किंवा नुसत्या हातवाऱ्यांनी पडद्यावरच्या बाजारात फिरतो. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांवर हेडसेट चढतो, खोली दिसेनाशी होते आणि मान जिकडे वळेल तिकडचे दृश्य दिसते. पुण्याच्या केंद्रात यांपैकी कोणता प्रकार आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि बहुधा त्यांनी सांगितलेलेही नसावे.

या साधनाची खरी ताकद कशात आहे, ते एका जुन्या प्रयोगावरून सांगते. इस्राएलमध्ये नोओमी कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजव्या मेंदूचा पक्षाघात होऊन निग्लेक्ट राहिलेल्या १९ रुग्णांना घेतले. ११ जणांनी संगणकाच्या पडद्यावरचा आभासी रस्ता ओलांडण्याचा सराव केला, उरलेल्या ८ जणांनी संगणकावरच नजर फिरवून वस्तू शोधण्याचा नेहमीचा सराव केला. दोघांनाही चार आठवड्यांत १२ सत्रे मिळाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते, की निग्लेक्ट मोजणाऱ्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच सुधारले, आभासी रस्त्यावर अर्थातच पहिला गट पुढे होता आणि खरा रस्ता ओलांडतानाच्या काही बाबींतही तो पुढे होता. माझ्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग हा, की ज्या माणसाला खऱ्या रस्त्यावर नेऊन 'आता डावीकडून गाडी येते आहे का ते पाहा' असे शिकवणे जिवावर बेतू शकते, त्याला इथे पुन्हा पुन्हा चुकता येते. डावीकडून आलेल्या गाडीची धडक बसते, पडद्यावर तो प्रसंग परत दाखवता येतो, आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणणारा माणूस पहिल्यांदा गप्प होतो. वर्षभर समजावून जे होत नाही ते अशा एखाद्या धडकेने होताना मी पाहिले आहे. मात्र त्या क्षणी शेजारी बसलेले माणूस 'बघा, मी सांगत होते ना' म्हणणारे असेल, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी यायचेच नाकारतो.

पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर तयार झालेली 'रिहॅट-सिटी' (Reh@City) नावाची एक प्रणालीही सांगण्याजोगी आहे. तिच्यात पडद्यावर एक छोटे शहर असते: किराणा बाजार, टपाल कार्यालय, बँक, औषधाचे दुकान. रुग्णाने यादी लक्षात ठेवायची, रस्ता शोधायचा, वस्तू उचलायच्या, पैसे मोजायचे. २०१६ साली तेथील संशोधकांनी १८ रुग्णांवर तिची चाचणी घेतली. २० मिनिटांच्या १२ सत्रांनंतर लक्ष, कृतींचे नियोजन आणि एकूण बौद्धिक कामगिरी यांत नेहमीच्या सरावापेक्षा जास्त सुधारणा दिसली. तिथे कोणी डोळ्यांवर काही चढवले नव्हते, पडदा आणि जॉयस्टिक एवढ्यावर काम झाले होते. स्वीडनमध्ये उमेओ येथे १५ जुन्या रुग्णांवर, म्हणजे झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्यांवर, निग्लेक्टसाठी त्रिमितीय पडद्याचा उपाय करून पाहिला गेला आणि रोजच्या व्यवहारात झालेला फायदा सहा महिन्यांनंतरही टिकलेला आढळला. अण्णांचे पाच महिने म्हणजे उशीर झाला, असे तुम्हाला कोणी म्हणाले असेल तर ते मनावर घेऊ नका.

पण आकडे पुन्हा पाहा. १९, १८, १५. एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम बोलता येत नाही, आणि उमेओच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. मोठ्या प्रमाणावर जे अभ्यास झाले ते मुख्यत्वे हातापायांच्या हालचालींचे. त्यांतला माझा आवडता अभ्यास असा: कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतील १४१ रुग्णांपैकी निम्म्यांना हात सुधारण्यासाठी व्हिडिओ गेमचे यंत्र दिले आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, चेंडू अशा साध्या खेळांना बसवले. दोन आठवडे, एकेक तासाची १० सत्रे, दोन्ही गटांना सारखी. २०१६ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गट सुधारले होते आणि यंत्रवाल्यांनी पत्तेवाल्यांपेक्षा काही अधिक कमावले नव्हते. कॉक्रेन ही संस्था जगभरातील चाचण्या एकत्र करून त्यांचा आढावा घेते. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. त्याचाही सूर असाच होता, की नेहमीच्या उपचाराऐवजी व्हर्च्युअल रिॲलिटी दिली तर हाताला विशेष जास्तीचा लाभ दिसत नाही, पण नेहमीच्या उपचारांत तिची भर घातली, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढला, तर लाभ दिसतो. २०२५ च्या नव्या आढाव्यात चाचण्यांची संख्या कितीतरी वाढली आणि हाताच्या बाबतीत चित्र थोडे उजळले, तरी बौद्धिक क्षमतांसाठी भक्कम म्हणावा असा पुरावा अजून जमलेला नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की व्हर्च्युअल रिॲलिटी ही सरावाची एक चांगली जागा आहे. तिथे सराव कोणता करायचा, किती अवघड करायचा आणि तिथे जमलेले घरच्या ताटावर, दुकानाच्या फळीवर आणि गल्लीच्या वळणावर कसे उतरवायचे, हे ठरवणारे माणूस बरोबर नसेल, तर त्या जागेचे भाडे भरण्यात अर्थ नाही. शिकलेले एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, ही आमच्या व्यवसायातली सर्वांत जुनी डोकेदुखी आहे. पडद्यावर फळे वेचण्यात रुग्ण तरबेज होतो आणि घरी येऊन त्याच चौकटीवर खांदा आपटतो. 'मेंदूचे व्यायाम' म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांबाबत अशीच अवास्तव आश्वासने दिली गेली होती. लुमोसिटी नावाने ते विकणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. तेव्हा कोणी 'स्मरणशक्ती हमखास परत' असे म्हणाले, की तुम्ही उठून यावे.

भावाच्या हेडसेटविषयी मला स्पष्टच लिहिले पाहिजे. तुमच्या पत्राच्या शेवटी ओझरते आलेले आकडीचे वाक्य माझ्या लेखी सगळ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे आहे. लखलखती, झपाट्याने बदलणारी दृश्ये काही लोकांत आकडी आणू शकतात; हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकातच सांगतात, की पूर्वी आकडी आलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नका. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांनी लेखी होकार दिल्याखेरीज अण्णांच्या डोळ्यांवर हेडसेट चढता कामा नये, घरीही नाही आणि केंद्रातही नाही. केंद्राने आकडीबद्दल विचारलेच नसेल, तर त्यावरूनही तुम्हाला बरेच कळेल. त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. छातीत पेसमेकर किंवा डोक्यात पाणी काढण्याची नळी बसवलेली असेल, तर हेडसेटमधील चुंबकांचा त्यांच्यावर परिणाम होऊ शकतो. आणि सूज उतरावी म्हणून कवटीचे हाड काढून ठेवलेले असेल, तर ते परत बसेपर्यंत डोक्याला पट्टा आवळणे हा विषयच नको.

होकार मिळाला तरी घरी एकट्याने वापरायला हे साधन अण्णांसाठी मला योग्य वाटत नाही. उघड्या डोळ्यांनी आपल्याला डावी-उजवीकडे मिळून साधारण २०० अंशांचा पसारा दिसतो. हेडसेटमध्ये तो जवळजवळ निम्म्यावर येतो. ज्याची एक बाजू मुळातच निसटते आहे त्याला अशा झापडांमधून पाहायला लावताना दृश्य कोठे ठेवायचे, सूचना कोणत्या बाजूने द्यायची, याचा हिशेब कोणीतरी करावा लागतो. खोली दिसेनाशी झाल्यावर तोल जातो, मळमळते, आणि डावा हात खुर्चीबाहेर लोंबकळत राहिला तरी निग्लेक्टमुळे अण्णांना ते कळणार नाही. दुबळ्या खांद्याला त्याने कायमची इजा होऊ शकते. शिवाय बाजारात मिळणारे बहुतेक खेळ इंग्रजीत बोलतात, त्यांतल्या बाजारात ढकलगाड्या आणि डॉलर असतात. तिथे अण्णा अडले, तर ते मेंदूमुळे अडले की भाषेमुळे, हे कसे ओळखणार? ४० वर्षे सुट्या पैशांचा हिशेब बोटांवर करणाऱ्या माणसाला परक्या बाजारात नापास करून घरी आणणे मला क्रूरपणाचे वाटते.

भावाची तळमळ मात्र वाया घालवू नका. त्याचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा टॅबलेट अण्णांच्या समोर न ठेवता थोडा डावीकडे ठेवा. सुरुवातीला ते आवाज ऐकून उजवीकडेच शोधतील. तेव्हा त्याने एवढेच म्हणावे, 'अण्णा, मी तुमच्या डाव्या हाताला आहे.' आठ-दहा दिवसांनी टॅबलेट आणखी वीतभर डावीकडे सरकवा. मुलाचा चेहरा शोधण्यासाठी माणूस जितकी मान वळवेल तितकी कोणत्याही आभासी फुलपाखरासाठी वळवणार नाही. तो दिवाळीत आला, की दोघांनी पत्ते खेळावेत आणि पाने अण्णांच्या डाव्या बाजूपासून मांडावीत. चार देशांतील ते पत्तेवाले आठवून सांगते आहे, विनोद म्हणून नव्हे.

पुण्याच्या केंद्राकडे जाण्याआधी एक पूर्ण मूल्यमापन करून घ्या, आणि ते शक्यतो ज्यांना पॅकेज विकायचे नाही अशा ठिकाणी. यासाठी लागणाऱ्या तज्ज्ञाला व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. रुग्णालयात 'ओटी कुठे आहे' असे विचारलेत तर शस्त्रक्रियागृहाच्या दारात नेऊन सोडतील, म्हणून पूर्ण नाव घ्या. ही विद्या आपल्याकडे नवी नाही: कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू केले, आणि हाजी अली येथील केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून काम करते आहे. सांगलीहून मुंबई दूर आहे हे मान्य, पण मूल्यमापनासाठी एकदा जाणे आणि २० वेळा पुण्याला जाणे यांची तुलना करून पाहा. जवळपासच्या वैद्यकीय महाविद्यालयात नोंदणीकृत व्यवसायोपचारतज्ज्ञ असतील, तर उत्तमच.

मूल्यमापनात 'मोका' नावाची ३० गुणांची चाचणी बहुधा होईल. ती मराठीतही आहे, आणि ती मराठीतच घेण्याचा आग्रह धरा. पण निव्वळ तिच्या गुणांवरून डावी बाजू किती निसटते ते समजणार नाही. त्यासाठी कागदावरच्या रेषेचा मध्य काढायला लावणे, पसरलेल्या ताऱ्यांमधून ठरावीक तारे खोडायला लावणे अशा चाचण्या असतात, आणि माझ्या मते त्यांहूनही उपयोगी आहे ती कॅथरिन बर्जेगो यांच्या नावाची मोजपट्टी. तीत रोजच्या दहा बाबी पाहतात: डाव्या गालाची दाढी राहते का, डावी बाही चढवायची राहून जाते का, ताटातले डावीकडचे उरते का, चालताना डावीकडे धडक बसते का, अशा. प्रत्येक बाबीला शून्य ते तीन गुण. तीच पट्टी रुग्णालाही स्वतःबद्दल भरायला सांगतात, आणि तज्ज्ञाचे गुण व रुग्णाचे गुण यांतल्या अंतरावरून त्याला आपल्या अवस्थेची जाण किती आहे ते कळते. अण्णांच्या बाबतीत हे अंतर मोठे निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तसे निघाले तर पहिले काम जाण वाढवण्याचे असेल, स्मरणशक्तीचे नंतर.

हे हाती असेल तर केंद्राशी बोलणे सोपे होईल. सत्र नोंदणीकृत तज्ज्ञ घेणार की यंत्र चालू करून देणारा मदतनीस? अण्णांच्या मूल्यमापनातील कोणत्या अडचणीसाठी कोणता सराव निवडला, हे ते सांगू शकतात का? त्यांच्या स्वतःच्या खेळातले गुण सोडून दुसऱ्या कोणत्या मोजमापाने सुधारणा दाखवणार? प्रत्येक सत्रानंतर त्याच दिवशी घरी काय करायचे ते लिहून देणार का, आणि तुम्हाला आत बसू देणार का? उत्तरे समाधानकारक असतील तर २० सत्रांऐवजी तीन सत्रांचे पैसे भरा. १,५०० च्या दराने ते ४,५०० होतात. तीन सत्रांत सुधारणा दिसणार नाही, पण अण्णांना मळमळते का, ते रमतात का, आणि तज्ज्ञ त्यांच्याशी बोलतो की यंत्राशी, हे नक्की दिसेल. पुढची सत्रे घेतलीत, तर दहाव्या सत्रानंतर तीच मोजपट्टी दुसऱ्या कोणाकडून तरी भरून घ्या. आणि सत्रात किंवा नंतर चेहरा एका बाजूला वाकडा होणे, बोलणे अडखळणे, हात गळून पडणे असे काहीही अचानक झाले, तर त्याला हेडसेटची चक्कर समजून थांबू नका. तात्काळ १०८ ला फोन करा.

घरी काय करायचे, यात एक पेच आहे आणि त्यात घराघरांत गोंधळ होतो. जे सुरक्षिततेचे आहे ते उजवीकडे ठेवायचे: पाण्याचा तांब्या, फोन, रात्रीची घंटा, काठी. जे सरावाचे आहे ते डावीकडे: गप्पा मारायला येणाऱ्याची खुर्ची, वर्तमानपत्र, टीव्ही. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, त्यामुळे अण्णांच्या नजरेतून ओळींची सुरुवात निसटत असणार आणि बातमी अर्धवट लागत असणार. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल रिबन लावा आणि प्रत्येक ओळ ती दिसल्याशिवाय सुरू करायची नाही असा नियम ठरवा. चालताना दीपगृहाच्या दिव्यासारखी मान पूर्ण डावीकडे नेऊन मग उजवीकडे आणण्याची सवय लावतात. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ही पद्धत रूढ आहे. डाव्या हाताची थोडी हालचाल होते आहे हे तुमचे भाग्य समजा, कारण तो हात डाव्या बाजूला हलता ठेवला की लक्षही त्या बाजूला खेचले जाते. टेबलावर बोटांनी ताल धरला तरी चालेल. आईंना मात्र दर वेळी ताट फिरवू देऊ नका. पहिल्या दिवशी ती परीक्षा होती. रोज फिरवले तर अण्णा शोधणार कशाला? 'डावीकडची चटणी राहिली' एवढे त्यांनी म्हणावे आणि थांबावे.

राहिला दुकानाचा प्रश्न. अण्णांना दुकानापासून तोडू नका, कारण त्यांच्यासाठी जगातले कोणतेही यंत्र उभारू शकणार नाही अशी सरावाची जागा तीच आहे: प्रत्येक डब्याची जागा हाताला ठाऊक, वास ओळखीचे, भाषा स्वतःची. पण सुरुवात दुपारी, शटर अर्धे ओढून, गिऱ्हाईक नसताना करा. पाच जिन्नसांची चिठ्ठी द्या आणि त्यांतले तीन डावीकडच्या फळीवरचे असू द्या. काउंटरच्या डाव्या कडेला आणि उधारीच्या वहीच्या डाव्या समासाला तीच लाल पट्टी लावा. अर्धा तास पुरे. दमल्यावर डावी बाजू आणखी निसटते. हे दोन-तीन आठवडे नीट झाले, की एखाद्या जुन्या, समजूतदार गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलवा आणि तुम्ही किंवा दुकानातला मुलगा अण्णांच्या डाव्या हाताला उभे राहा. जिन्नस काढणे आधी, तोलणे नंतर, आणि गल्ला सर्वांत शेवटी, कारण नोटा मोजताना लक्ष, स्मरण आणि डावी बाजू या तिन्हींची एकदम परीक्षा होते, आणि तिथली चूक चार माणसांसमोर होते. रोज काय सुटले ते एका वहीत तारखेसह लिहा. तज्ज्ञाला आणि मेंदूविकारतज्ज्ञाला ती वही तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा अधिक सांगेल.

दुचाकीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. पण दुकान घरापासून लांब असेल आणि अण्णा 'मला काही झालेलं नाही' म्हणत असतील, तर मूल्यमापन होऊन मेंदूविकारतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत तिची किल्ली आईंच्या कमरेला असू द्या.